कावळा बिळाबाहेर का बसून राहिला?

मुलांनो,

गेल्या शनिवारी तिसरी-चौथीच्या वर्गात आपण पंचतंत्रातल्या मित्रांचं चित्रपुस्तक पाहायला घेतलं आणि निम्म्यावरच घंटा झाली. "बाई, पुढं काय झालं?" असं पुष्कळांनी व्हरांड्यात अडवून विचारलं. म्हणून या वेळच्या भित्तिपत्रकात तोच पाठ पुरा करीत आहे. पहिली-दुसरीच्या मुलांना अजून भराभर वाचता येत नाही, तर मोठ्यांनी त्यांना हे वाचून दाखवावे. पुस्तक मात्र लहानांच्या हातात द्यावे. मोठी मुलं पुस्तक स्वतःच्या छातीशी धरतात आणि लहानांना नुसतं पुठ्ठ्याचं दर्शन होतं, हे मी पाहिलं आहे.

चित्रांचं पुस्तक कसं पाहायचं ते आधी सांगते. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची एक पट्टी कापा आणि पानावरची अक्षरं झाकून टाका. आता नुसतं चित्र पाहा. घाई करू नका. चित्रात कोण कोण आहे? कोण कुणाकडे बघतो आहे? आणि कोण एकटा आहे? हा तिसरा प्रश्न विसरायचा नाही. तो विचारला की एरवी न दिसणारी गोष्ट दिसते. आपल्या पुस्तकातला उंदीर पहिल्या दोन पानांवर कुणालाच दिसला नव्हता, आठवतं ना? बिळाच्या तोंडाशी नुसतं नाक होतं. दुसरीतल्या एका मुलीने ते शोधून काढलं.

पंचतंत्र म्हणजे पाच तंत्रांचा ग्रंथ. त्यातल्या पहिल्या तंत्राचं नाव मित्रभेद. त्यात पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची चांगली मैत्री असते. दमनक नावाचा कोल्हा दोघांचे कान भरतो आणि ती मोडतो. दुसरं तंत्र मित्रसंप्राप्ती, म्हणजे मित्र मिळणं. आधी मैत्री मोडते कशी ते सांगितलं आणि मग जुळते कशी ते. आपल्या वर्गात तरी काय निराळं आहे? कट्टीचे सगळे नियम पाठ असतात. बट्टी कशी करायची ते कुणालाच ठाऊक नसतं.

या गोष्टी फार लांब हिंडून आल्या आहेत. संस्कृतातून पेहलवी या जुन्या इराणी भाषेत गेल्या, तिथून आठव्या शतकात अरबीत गेल्या. अरबीत त्या ग्रंथाला 'कलीला व दिमना' म्हणतात. हे दोघे म्हणजे आपलेच करटक आणि दमनक कोल्हे बरं का! सुमारे आठशे वर्षांपूर्वीच्या अरबी हस्तलिखितांत या प्राण्यांची रंगीत चित्रंसुद्धा आहेत. तेव्हा चित्रं बघत ही गोष्ट ऐकणारे तुम्ही काही पहिले नाहीत.

आता गोष्ट. चित्रग्रीव नावाचा कबुतरांचा राजा आपल्या कळपासकट जाळ्यात सापडतो. (जुन्या पुस्तकांत जाळं लावणाऱ्याला 'पारधी' म्हटलेलं असतं. मी 'शिकारी' म्हणते. पारधी हे एका समाजाचं नाव आहे आणि त्या घरांतली मुलंही शाळेत आपल्या शेजारी बसतात.) सगळी कबुतरं एका दमात उडतात, जाळ्यासकट हिरण्यक उंदराकडे जातात. उंदीर राजाचा फास आधी कुरतडायला जातो. राजा म्हणतो, आधी माझ्या माणसांचे. तुझे दात दुखायला लागले किंवा शिकारी आला, तर राहायचा तो मी राहीन. इथपर्यंत आपण शनिवारी पाहिलं.

हे सगळं वरून लघुपतनक नावाचा एक कावळा बघत असतो. त्याला वाटतं, असा मित्र आपल्यालाही हवा. तो बिळाशी येतो आणि म्हणतो, माझ्याशी मैत्री कर. उंदीर आतूनच म्हणतो, नाही.

इथे थांबा. पट्टीने अक्षरं झाका आणि सांगा, उंदीर वाईट आहे का?

हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला तो पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावच्या शाळेत. त्या वेळी एक चूक माझ्या हातून झाली होती. ती सांगितल्याशिवाय हा पाठ पुरा होणार नाही.

त्या गावाजवळही साखर कारखाना होता. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या आल्या, कोप्या पडल्या आणि तिसरीच्या वर्गात एक नवा मुलगा येऊन बसला. त्याचं नाव लिहीत नाही. तो आता बाप्या माणूस झाला असेल, त्याला आवडेल न आवडेल. आई-बाप कोयत्यावर, घरची बैलगाडी. आदल्या वर्षीचे चार-पाच महिने त्याची शाळा बुडालेली. तो दाराशी बसायचा. मुलं त्याला नावाने हाक मारत नसत, 'ए कोपीवाल्या' म्हणत.

मला वाटलं, मैत्रीवर एक छानसा पाठ घ्यावा. मी सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या आणि सांगितलं, आपल्या तीन जिवलग मित्रांची नावं लिहा आणि उभं राहून वाचा. वाचता वाचता माझ्या ध्यानात आलं की त्या मुलाचं नाव कुणाच्याच चिठ्ठीत नाही. तोवर त्याची पाळी आली होती. त्याने वाचलं, "सर्जा, राजा." तिसरी ओळ कोरी होती. सर्जा-राजा ही त्याच्या बैलांची नावं आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. वर्ग खो खो हसला. मलाही हसू आलं. आवरलं, पण आलं होतं, आणि त्याने माझ्याकडे पाहिलं होतं.

मग ती चूक झाकायला मी दुसरी केली. पुढच्या बाकावरच्या दोघांना उभं केलं आणि हुकूम सोडला, "आजपासून हा तुमचा मित्र. सुट्टीत याला खेळायला घ्यायचं." बिचारे गेले बोलवायला. तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी गेले, तरी नाही. ती मुलं माझ्याकडे तक्रार घेऊन आली, "बाई, त्यालाच नको असतंय." आणि मीही मनात म्हटलं, भारीच आखडू दिसतो हा!

त्यानंतर आठवड्याभराने मी हे कावळ्याचं पुस्तक वर्गात काढलं. उंदीर वाईट आहे का, म्हणून विचारलं. बहुतेकांनी हात वर केले. "हो बाई, एवढा कावळा विचारतोय तर भाव खातोय." दाराकडून आवाज आला, "कावळा उंदरं खातो." तेवढंच बोलून तो खाली बघायला लागला.

मुलांनो, गोष्टीत उंदरानेही हेच सांगितलेलं आहे. मी तुझा घास, तू मला खाणारा, आपली मैत्री कशी व्हायची? तेव्हा 'नाही' म्हणणारा उंदीर वाईट नाही, गर्विष्ठही नाही. त्याला आधी कावळ्यांचा अनुभव आलेला आहे. खरं काम कावळ्याचं होतं. आणि त्याने काय केलं? तो रागावून उडून गेला नाही. चोच आत घातली नाही. बिळाच्या दाराशी बसून राहिला. म्हणाला, तू बोलेपर्यंत मी इथून हलत नाही, अन्नही घेत नाही. उंदराने मैत्री मान्य केली तीसुद्धा अटीवर, की माझ्या बिळात पाऊल टाकायचं नाही. कावळ्याने ती अट पाळली. पुढे ते एकमेकांना खाऊ आणून देऊ लागले. असे पुष्कळ दिवस गेले, तेव्हा कुठे उंदीर कावळ्याच्या पंखाखाली येऊन बसू लागला.

त्या वर्गात मी यावर काही भाष्य केलं नाही. धीर झाला नाही, असंच म्हणा. पण एक मुलगी दुसऱ्या दिवसापासून खिचडीची ताटली घेऊन दाराशी जाऊन बसू लागली. त्याच्या फार जवळ नाही, हातभर सोडून. ती बोलत नसे, तोही बोलत नसे. असे सात-आठ दिवस गेले. मग एक दिवस तिने विचारलं, "तुझ्या दोघांतला मारका कोणता?" तो म्हणाला, "राजा. पण मला नाही मारत." त्या दिवशी खिचडी गार होईस्तोवर तो बैलांविषयी बोलत होता. हळूहळू आणखी दोघंतिघं जवळ सरकली.

पुढची गोष्ट थोडक्यात. कावळा उंदराला पाठीवर घेऊन तळ्याकाठी मंथरक कासवाकडे जातो. तिथे चित्रांग हरीण येऊन मिळतं. एक दिवस हरीण फासात सापडतं. कावळा उंदराला उचलून आणतो, उंदीर फास कुरतडतो. इतक्यात मागून कासवही हळूहळू येऊन पोचतं! शिकारी येतो, तिघे निसटतात आणि कासव धरलं जातं. मग हरीण पाण्याकाठी मेल्याचं सोंग घेतं, कावळा त्याच्यावर बसून टोचल्यासारखं करतो. शिकारी कासव खाली टाकून हरणाकडे धावतो. उंदीर कासवाची दोरी तोडतो. कासव पाण्यात, हरीण रानात.

आता वाद घाला. कासवाने यायला हवं होतं का? त्याला पळता येत नाही, दोरी तोडता येत नाही, उडता येत नाही. त्याच्या येण्याने सगळेच अडचणीत आले. तरी ते आलं. चौथीचा वर्ग यावर अर्धा तास भांडला आणि निकाल लागला नाही. मलाही नक्की सांगता येत नाही.

आता करून पाहायचे खेळ. पहिला, एक खडू दोन हात. दोघांनी मिळून एकच खडू धरायचा आणि अजिबात न बोलता फरशीवर घर काढायचं. सुरुवातीला ओढाओढ होते आणि ज्याच्या हातात जोर त्याचं घर उठतं. चित्र झाल्यावर जो हलका आहे त्याला विचारायचं, "तुला दार कुठं काढायचं होतं?" मग खडू पुन्हा धरायचा. दुसरं घर पाहा कसं निघतं ते.

दुसरा खेळ बिळाचा. खडूने वर्तुळ काढा. आत उंदीर, बाहेर कावळा. उंदराने बोलावल्याशिवाय कावळ्याने रेघ ओलांडायची नाही, ढकलायचं नाही, रडवेलं तोंडही करायचं नाही. वर्गात जो सगळ्यात दांडगा, त्याला उंदीर करायचं. एकदा आत बसून बाहेरच्याला बघायला लागलं की बरंच कळतं.

तिसरा खेळ त्या मुलानेच आम्हाला शिकवला. त्याने शाळेमागे पाचट आणून मोळी बांधून दाखवली, दोरीशिवाय, उसाच्या हिरव्या वाढ्यांना पीळ देऊन. मग म्हणाला, "आता उचला एकट्यानं." एकालाही डोक्यावर घेता येईना. दुसऱ्याने समोरून हात दिला की मोळी अलगद वर जाते. त्यानेच सांगितलं की टोळीत 'एक कोयता' म्हणजे एक माणूस नव्हे, दोघांची जोडी, बहुधा नवरा-बायको. हे मला तोवर माहीत नव्हतं. लहानांनी मोळी लहानच बांधावी. पाचटाची पाती हाताला कापते, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा असावा.

पालकांना आणि नव्या शिक्षकांना दोन शब्द. "तुझा जिवलग मित्र कोण?" हे चारचौघांत विचारू नये. ज्याचं नाव कुणीच घेत नाही तोही तिथे बसलेला असतो. भांडण झाल्याबरोबर "चल, माफी माग, हात मिळव" असंही करू नये. हात मिळतात, पण ज्याने मार खाल्ला त्याचा राग तसाच राहतो. त्याला थोडा वेळ द्यावा आणि मारणाऱ्याला वाट बघायला लावावी.

त्या मुलाचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. मार्चअखेर कारखान्याचा पट्टा पडला. टोळ्या रातोरात गेल्या. सकाळी दाराशी कुणी नव्हतं. त्या मुलीने त्याला पोस्टकार्ड लिहिलं, वर्गातल्या सगळ्यांनी खाली नावं लिहिली, आणि मग कळलं की त्याच्या गावाचा पत्ताच कुणी घेतलेला नाही. हजेरीपटातसुद्धा नुसतं 'ऊसतोड' असं लिहिलेलं होतं. ते माझंच अक्षर होतं. ते कार्ड अजून माझ्या पेटीत आहे.

अमेरिकेतले आर्नोल्ड लोबेल यांचं बेडूक आणि भेक या दोन मित्रांचं एक चित्रपुस्तक आहे, १९७० सालचं. त्यातला भेक रोज पत्राची वाट बघत उदास बसतो, कारण त्याला कधीच कुणाचं पत्र आलेलं नसतं. बेडूक त्याला पत्र लिहितो आणि पोचवायला देतो गोगलगायीकडे! पत्र पोचायला चार दिवस लागतात. दोघे शेजारी बसून वाट बघतात आणि त्यातच खूश असतात. सोमवारी ही गोष्ट मी फळ्यावर चित्रं काढून सांगणार आहे.

यंदा आपल्या शाळेत टोळीवरची तीन मुलं आली आहेत. पट्टा पडायला अजून अवकाश आहे. चौथीच्या मुलांनी पत्त्याची वही घातली आहे, ती टेबलावर ठेवली आहे. ज्याला द्यायचा असेल त्याने आपला पत्ता स्वतःच्या हाताने लिहावा, जबरदस्ती नाही. गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिनकोडचे सहा आकडे. तालुका विसरू नका. मागच्या वर्षी त्यापायी दोन पत्रं परत आली.