झाडावरचे बिऱ्हाडकरू

कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहत असाल, तर मृग नक्षत्राच्या सुमारास एखाद्या जुन्या आंब्याखाली किंवा फणसाखाली उभे राहा आणि मान वर करा. जाड फांदीच्या बेचक्यातून गुलाबी ठिपक्यांच्या पांढऱ्या फुलांचा लांब घोस खाली लोंबताना दिसण्याचा संभव आहे. वेणीसारखा दाट गुंफलेला हा घोस म्हणजे ‘सीतेची वेणी’. हे एक ऑर्किड आहे. त्याचे शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्यूसा. आसामात यालाच ‘कपौ फूल’ म्हणतात आणि बिहू नाचणाऱ्या मुली ते केसांत माळतात. पण ही वनस्पती झाडावर इतक्या उंच करते काय?

“अरे, ते बांडगूळ आहे!” असे कोणीतरी तुम्हांला सांगेल आणि कदाचित कोयता घेऊन ते उतरवायलाही निघेल. त्याला जरा थांबवा. सीतेची वेणी आणि बांडगूळ यांत चोर आणि बिऱ्हाडकरू यांच्याइतका फरक आहे.

आंब्याची एखादी बांडगूळ लागलेली फांदी मोडून पडली असेल, तर ती नीट पाहा. बांडगूळ जेथे फांदीला जोडलेले असते तेथे फांदी फुगून गाठ आलेली दिसते. बांडगुळाची शोषक मुळे साल फोडून आतल्या लाकडापर्यंत पोचतात आणि आंब्याने जमिनीतून वर चढवलेले पाणी व क्षार वाटेतच लांबवतात. बांडगुळाची पाने हिरवी असतात, म्हणजे अन्न ते स्वतः तयार करते. म्हणून त्याला अर्धपरजीवी म्हणतात. फांदीचा पाणीपुरवठा बंद पडला की तेही वाळते.

सीतेच्या वेणीची मुळे मात्र सालीला घट्ट धरून बाहेरच पसरतात. ती लाकडात शिरत नाहीत. फांदी वाळली तरी वनस्पती तिच्यावर हिरवीगार राहू शकते. दुसऱ्या झाडाचा केवळ आधार घेणाऱ्या अशा वनस्पतींना ‘अपिवनस्पती’ म्हणतात. जगातील फुलझाडे आणि नेचे यांच्या एकूण जातींपैकी सुमारे दहा टक्के जाती अपिवनस्पती आहेत, आणि त्यांतही निम्म्याहून अधिक ऑर्किडेच आहेत. हे बिऱ्हाडकरू भाडे देत नाहीत हे खरे, आणि फार गर्दी झाली तर भाराने एखादी फांदी मोडतेही. पण घरमालकाच्या स्वयंपाकघरात ते हात घालीत नाहीत.

मग जेवतात काय? मातीवाचून झाड जगेल कसे?

या प्रश्नाचे निम्मे उत्तर जुने आहे. बेल्जममधील व्हान हेल्माँट याने कुंडीत दोनशे पौंड वाळलेली माती भरून पाच पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले. पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. झाडाचे वजन सुमारे १६९ पौंड झाले, पण माती पुन्हा वाळवून तोलली तेव्हा ती केवळ दोनेक औंस कमी भरली! हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे. सारे झाड पाण्यापासून बनले असे त्याला वाटले. आज आपल्याला माहीत आहे की पाण्याबरोबर हवेतील कार्बन डायऑक्साइड वायूही झाडाने घेतला होता. पण ते दोन औंस विसरू नका. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम यांचे क्षार अगदी थोडे लागतात, पण लागतातच. शिवाय मातीचे आणखी एक काम असते: पाणी साठवून ठेवणे.

तेव्हा अपिवनस्पतीची खरी अडचण आहे ती पाण्याची आणि चिमूटभर क्षारांची. उजेडाची वाण नाही. त्यासाठी तर ती एवढ्या उंचावर येऊन राहिली. आता आपल्या सह्याद्रीचा विचार करा. चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे. उघड्या सालीवरचे पाणी ऊन पडताच उडून जाते. म्हणजे हिरव्यागार रानात राहूनही या वनस्पतीला वाळवंटातल्या निवडुंगासारखा संसार करावा लागतो.

तिची युक्ती मुळांत आहे. ऑर्किडचे हवेत लोंबणारे मूळ रुपेरी पांढरे दिसते. त्याच्याभोवती मृत, पोकळ पेशींचे जाड आवरण असते. कोरडेपणी त्यांत हवा भरलेली असते, म्हणून ते पांढरे दिसते. रोपवाटिकेत टांगलेले व्हँडा जातीचे ऑर्किड दिसले, तर मालकाची परवानगी घेऊन त्याच्या मुळावर थोडे पाणी शिंपडा. पाहता पाहता मूळ हिरवे होईल! पाणी भरताच आवरण पारदर्शक बनते आणि आतला हिरवा थर दिसू लागतो. या मुळांत हरितद्रव्य असते. तीही अन्न तयार करतात. टीपकागदासारखे हे आवरण पावसाचे पहिले थेंबच टिपून घेते. आणि पहिलेच थेंब महत्त्वाचे, कारण पानांवरची धूळ, सालीवरचा कचरा, पक्ष्यांची विष्ठा यांतले क्षार त्यांच्याबरोबर धुऊन येतात. मागाहून येणारे पाणी त्या मानाने बेचव!

मिळालेले पाणी राखण्याची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडतात. त्यातून वायू आत येतो, पण वाफही बाहेर जाते. जाड पानांची अनेक ऑर्किडे रंध्रे रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड ती आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रे मिटून त्यापासून साखर बनवतात. पानफुटीही हेच करते. भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिची पाने चाखली. सकाळी ती आंबट लागतात आणि दुपारी आंबटपणा जातो, हे त्याचे निरीक्षण १८१५ साली छापले गेले. (तुम्ही मात्र चाखू नका, पानफुटीत विषारी द्रव्येही असतात.)

‘बाशिंग’ नावाच्या नेच्याने वेगळाच मार्ग काढला आहे. त्याला दोन प्रकारची पाने येतात. एक प्रकार लांब, हिरवा, अन्न बनवणारा. दुसरा आखूड, पसरट. तो लवकरच तपकिरी होतो, पण गळून पडत नाही. खोडाला टेकलेल्या या पानांच्या ओंजळीत पालापाचोळा साठतो, कुजतो आणि त्यात नेच्याची मुळे वाढतात. माती मिळत नाही ना? मग ती झाडावरच तयार करायची!

याहून पुढची मजल अमेरिका खंडातील टिलँड्सियांनी मारली आहे. या अननसाच्या कुळातल्या. त्यांच्या पानांवर सूक्ष्म खवले असतात; पाणी पडले की ते पानाला चिकटून पाणी आत घेतात आणि सुकले की वर उचलले जातात. मुळे उरली ती केवळ धरून राहण्यापुरती. ‘स्पॅनिश मॉस’ या जातीला तर वाढ झाल्यावर मुळेच नसतात. राखाडी दाढीसारखी ती ओकच्या फांद्यांवरून लोंबते. (नाव मॉस असले तरी ते शेवाळ नव्हे, त्याला फुले येतात.) एक जात तर विजेच्या तारांवरही वाढते. आता तारेतून कोणता रस शोषणार?

सगळे इतके छान जमले असेल, तर प्रत्येक झाडावर ऑर्किडे का दिसत नाहीत? कारण त्यांचे बी. एका बोंडात हजारो, कधी लाखो बिया असतात, पण धुळीसारख्या बारीक. रोपट्याला पुरेल अशी शिदोरी त्यांत नसते. योग्य बुरशी बीमध्ये शिरली आणि तिने अन्न पुरवले तरच बी रुजते. हे रहस्य नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ साली उलगडले. पुढे १९२२ साली लुईस नडसन याने साखर आणि क्षार घातलेल्या आगरवर, बुरशीवाचून, ऑर्किडचे बी रुजवून दाखवले. प्रयोगशाळेत आज बाटल्यांतून लक्षावधी रोपे होतात. रानात मात्र लाखांतले एखादेच बी जगते आणि त्याला फुले यायला कित्येक वर्षे जातात. कोयत्याचा घाव पडायला अर्धे मिनिट पुरते.

वादळाने झाड पडले किंवा रस्त्यासाठी तोडले गेले, तर आडव्या खोडावरची सीतेची वेणी पालापाचोळ्यात कुजून जाते. तशी दिसली तर मोठ्या माणसांच्या मदतीने, सालीच्या तुकड्यासकट सोडवून घ्या. जवळच्याच एखाद्या खरबरीत सालीच्या झाडावर, अर्धवट सावलीत, सुंभाने बांधा. मुळे मातीने किंवा शेणाने झाकू नका. हे काम पावसाळ्याच्या तोंडी केलेले बरे. पाऊस संपेपर्यंत नवी मुळे सालीला धरतात आणि मग सुंभ कुजून गळून पडला तरी चालते.