भरलेली बाटली, कोरडा घसा
(पदभ्रमण पाठ : तलावाभोवतीची फेरी)



पदभ्रमणाआधी मी विचारतो, “पाणी किती घेतलंस?” उत्तर ठरलेले असते, “एक बाटली, सर!” ती किती तास पुरेल, असे पुढे विचारले की रांगेत शांतता पसरते. आज हाच हिशोब शिकू. उदाहरणासाठी सिंगापूर शहराला लागून असलेल्या मॅकरिची जलाशयाभोवतीची वाट घेऊ. ती निवडण्याचे कारण पाठाच्या ओघात कळेल.

वाट कशी आहे?

मॅकरिची हा सिंगापूरचा सर्वांत जुना जलाशय. तो १८६८ मध्ये पूर्ण झाला आणि १९२२ मध्ये त्याला नगरपालिकेचे अभियंते जेम्स मॅकरिची यांचे नाव देण्यात आले. पाणी स्वच्छ राहावे म्हणून भोवतीचे पाणलोट क्षेत्र राखले गेले, म्हणूनच एवढ्या दाट वस्तीच्या शहराजवळ आजही घनदाट जंगल उभे आहे. या जंगलातून जलाशयाला वळसा घालणारी फेरी सुमारे ११ किलोमीटरची आहे. वाटेत झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवर २५० मीटर लांबीचा झुलता पूल लागतो. त्यावरून एकाच दिशेने जाता येते, मागे फिरता येत नाही.

नकाशात अशा जलाशयाचा आकार हाताच्या पंजासारखा दिसतो. धरण बांधले की पाणी प्रत्येक ओढ्याच्या दरीत शिरते आणि बोटांसारखे फाटे तयार होतात. समोरचा काठ हाकेच्या अंतरावर दिसतो, पण तिथे पोहोचायला अख्ख्या फाट्याला वळसा पडतो. म्हणून तलावाच्या फेरीचे अंतर डोळ्यांनी ठरवू नये. नकाशातल्या वाटेवर दोरा ठेवावा, प्रत्येक वळणावर तो वळवावा आणि मग नकाशाच्या प्रमाणपट्टीवर मोजावा.

फेरीचे गणित

चढउताराच्या वाटेवर गटाचा वेग ताशी ३ किलोमीटर धरा. ११ किलोमीटरला सुमारे ३ तास ४० मिनिटे लागतील. दर तासाला १० मिनिटे विश्रांती मिळवा, म्हणजे एकूण सव्वाचार तास झाले. उष्ण आणि दमट हवेत ताशी किमान अर्धा लिटर पाणी धरले, तर दोन लिटरहून थोडे अधिक लागेल. त्यात अर्धा लिटर राखीव धरा. म्हणजे प्रत्येकी जवळजवळ पावणेतीन लिटर. एका बाटलीचे काम नव्हे!

आता फेरीचे खास वैशिष्ट्य पाहा. गेल्या वाटेनेच परत यायचे असेल, तर कुठूनही मागे फिरण्याचा मार्ग माहितीचा असतो. फेरीत मात्र साडेपाच किलोमीटर ओलांडले की परतण्यापेक्षा पुढे जाणेच जवळचे ठरते. म्हणून गटप्रमुखाने चौथ्या किलोमीटरवर थांबून प्रत्येकाची तपासणी करावी. इथून मागे ४ किलोमीटर आहेत आणि पुढे ७. कोणी थकला असेल, तर मागे फिरायची वेळ हीच.

१९४२ चा धडा

८ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री जपानी सैन्य सिंगापूर बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर उतरले. तीन दिवसांत बुकित तिमा ही मोक्याची टेकडी पडली. त्यानंतर शहराला पाणी देणारे जलाशयही जपान्यांच्या हाती गेले. जलाशयांत पाणी होते, पण बॉम्ब आणि तोफगोळ्यांनी शहरातल्या जलवाहिन्या जागोजागी फुटल्या होत्या आणि पाणी रस्त्यांवर वाहून जात होते. शहर निर्वासितांनी भरले होते. अन्न, इंधन आणि दारूगोळ्याचीही टंचाई होती. १५ फेब्रुवारीला लेफ्टनंट जनरल पर्सिव्हल यांनी शरणागती पत्करली. हजारो भारतीय जवान युद्धकैदी झाले. पराभवाची कारणे अनेक होती, पण पाणी त्यांतले एक महत्त्वाचे कारण होते.

आपल्याकडेही असे घडले आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पुण्यात महापूर आला. पूर ओसरल्यावर पुणेकरांपुढे पिण्याच्या पाण्याचा प्रश्न उभा राहिला, कारण शहराचा जलाशयच रिकामा झाला होता.

दोन्ही घटना एकच गोष्ट सांगतात. पाणी असणे वेगळे आणि ते वेळेवर घशाखाली उतरणे वेगळे.

माझी चूक

हे मी एका कॅडेटकडून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका धरणाभोवतीच्या पदभ्रमणाचा मी प्रमुख होतो. अर्ध्या वाटेवर मी सर्वांना विचारले, “पाणी आहे ना?” सगळे ओरडले, “आहे, सर!” मी समाधानाने पुढे निघालो. आठव्या किलोमीटरला एक मुलगा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला आणि खाली बसला. आम्ही त्याला सावलीत नेले, बूट काढले, अंगावर ओले कपडे ठेवले, वारा घातला. जवळच्या वस्तीवरच्या एका काकांनी ट्रॅक्टरमधून त्याला रुग्णालयात पोहोचवले. तो वाचला.

त्याची पिशवी मी उघडली, तेव्हा बाटली जवळजवळ भरलेली होती. शेवटच्या टप्प्यासाठी तो पाणी साठवत होता. माझ्या प्रश्नाला त्याने खरेच उत्तर दिले होते. प्रश्नच चुकीचा होता. “पाणी आहे का?” याऐवजी “किती प्यायलास, दाखव,” असे मी म्हणायला हवे होते.

तेव्हापासून आमच्या गटात प्रत्येक विश्रांतीला जोडीदार एकमेकांची बाटली तपासतात. “मला त्रास होतोय,” असे सांगणारा कॅडेट दुबळा ठरत नाही. तो गटाला वेळेवर खबर देतो. पालकांनीही घरी मुलांना एवढे जरूर सांगावे.

स्वाध्याय

१. आपल्या शहराजवळच्या जलाशयाचा नकाशा घेऊन त्याच्या काठाची लांबी दोऱ्याने मोजा. समोरासमोरच्या काठांमधल्या सरळ अंतराशी तिची तुलना करा.
२. १४ किलोमीटरच्या फेरीसाठी वेळ, पाणी आणि तपासणीचा थांबा ठरवा.
३. तुमच्या नळाचे पाणी कोणत्या जलाशयातून, कोणत्या मार्गाने येते? त्या साखळीतली सर्वांत कच्ची कडी कोणती?