दुधातले तूप जाते कुठे?

मंडळी, आज आपण तुपाचा हिशेब करू. आधी देशाचा करू, मग आपल्या घरचा.

जनावरांपासून माणसाला खाण्याची चरबी मिळते. काही देशांत डुकराची किंवा गुराची चरबी स्वयंपाकात वापरतात. आपल्या देशात ही चरबी मुख्यतः दुधातून येते. साय, लोणी, तूप ही सारी तिचीच रूपे. पुस्तकात तिला स्निग्धांश म्हणतात. डेअरीवर आपण तिलाच ‘फॅट’ म्हणतो. गाईच्या १०० किलो दुधात ती साधारण ४ किलो असते, म्हशीच्या दुधात ६ ते ७ किलो. म्हणून तर म्हशीच्या दुधाला भाव जास्त.

आता देशाकडे पाहू. १९५०-५१ साली भारतात १ कोटी ७० लाख टन दूध झाले. माणशी, रोजी सुमारे १३० ग्रॅम. १९६८-६९ साली दूध वाढून २ कोटी १२ लाख टन झाले. पण माणशी वाटणी उलट घटली! ती ११२ ग्रॅमवर आली. असे का झाले? दूध वाढले खरे, पण खाणारी तोंडे त्याहून जास्त वाढली. भाकरी एकाने वाढली आणि पंगतीत चार माणसे वाढली, तर प्रत्येकाच्या पानात कमीच पडणार.

मग हे चित्र पालटले कसे? गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी १९४६ साली आपला दूध संघ काढला. त्रिभुवनदास पटेल त्यांचे पुढारी होते. पुढे १९४९ साली डॉ. वर्गीस कुरियन आणंदला आले. आधी मधले व्यापारी ठरवतील तो भाव घ्यावा लागे. आता गावोगाव सोसायट्या झाल्या. दूध मोजून, फॅट पाहून पैसे मिळू लागले. हीच रीत देशभर नेण्यासाठी १९६५ साली आणंदला राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले.

१९७० साली ‘दुधाचा महापूर’ ही योजना सुरू झाली. तेव्हा युरोपातल्या देशांकडे दूध-भुकटी आणि लोण्याचे तेल उरत होते. ते त्यांनी आपल्याला देणगी म्हणून दिले. फुकटचा माल तसाच बाजारात ओतला असता, तर आपल्या शेतकऱ्याच्या दुधाचा भाव पडला असता. तसे केले नाही. भुकटी आणि लोण्याचे तेल मिसळून दूध केले, ते मोठ्या शहरांत विकले, आणि त्या पैशातून इथल्याच डेअऱ्या उभ्या केल्या. पाहुण्याने दिलेले बी खाऊन न टाकता पेरले, म्हणा ना!

१९९८ साली भारत दुधात जगात पहिला आला. २०२३-२४ साली २३ कोटी ९३ लाख टन दूध झाले. माणशी, रोजी ४७१ ग्रॅम. हिशेबापुरते १०० ग्रॅम दुधात ५ ग्रॅम फॅट धरा. म्हणजे १९५०-५१ साली माणशी साडेसहा ग्रॅम फॅट येत होती, आता साडेतेवीस ग्रॅम येते. चमच्याने मोजले तर तेव्हा सव्वा चमचा, आता साडेचार चमच्यांहून जास्त.

पण थांबा! ही झाली सरासरी. एकाच्या घरी दहा भाकरी आणि दुसऱ्याच्या घरी एकही नाही, तरी सरासरी पाच-पाच निघते. गोठ्यात दुभती म्हैस असते, सकाळ-संध्याकाळ किटली डेअरीवर जाते, आणि घरातले पोर कोरा चहा पिते. पैसा लागतोच, हे खरे. खताचे, पेंडीचे, दवाखान्याचे पैसे दुधातूनच निघतात. तरी किटली भरण्याआधी पोरांचा पेला बाजूला काढावा. बाळाला सहा महिन्यांपर्यंत आईचेच दूध द्यावे. पुढे मऊ वरणभातावर चमचाभर तूप घालावे. लहान पोटात अन्न थोडे मावते. तुपाने त्याच घासात बळ जास्त जाते. मोठ्या माणसांनी मात्र बेतानेच खावे. तूप फार खाणे हृदयाला बरे नव्हे.

आता फसवणुकीचे. १९३७ साली डालडा बाजारात आला. असले वनस्पती तूप दुधाचे नसते. तेलात हायड्रोजन वायू मिसळून ते घट्ट करतात. त्यात हृदयाला वाईट असा एक अंश तयार होतो. जानेवारी २०२२ पासून सरकारने त्याला शंभरात दोनची मर्यादा घातली आहे. विकणाऱ्याने ‘वनस्पती’ म्हणून विकले तर ती फसवणूक नव्हे. ‘साजूक’ म्हणून विकले तर फसवणूक.

ती ओळखायची कशी? गणिताने! म्हशीच्या दुधाला फॅट ६ लागली, तर किलोभर तुपाला सुमारे १६ लिटर दूध लागते. डेअरी उरलेल्या दुधाची भुकटी करून विकते, म्हणून तूप १६ लिटरांच्या पूर्ण किमतीहून स्वस्त मिळू शकते. पण कोणी दारावर येऊन तीन-चार लिटर दुधाच्या भावात किलोभर ‘साजूक’ तूप देऊ लागला, तर विचारा, “बाबा, बाकीचे दूध कुठून आणलेस?”

आपण लिहा-वाचायला शिकलो ते अशाच कामासाठी. आज डेअरीची पावती हातात घ्या. लिटर किती, फॅट किती, भाव किती, हे स्वतः वाचा. समजले नाही तर तिथेच विचारा. विचारायला लाजू नका.

शब्दांचे अर्थ
स्निग्धांश – दुधातली चरबी, फॅट
सरासरी – सगळ्यांची बेरीज करून सारखी केलेली वाटणी
भुकटी – पाणी काढून वाळवलेल्या दुधाची पूड

प्रश्न
१. १९६८-६९ साली दूध वाढले, तरी माणशी वाटणी का घटली?
२. देणगीचा माल तसाच विकला असता तर काय झाले असते?
३. तुमच्या घरी रोज किती दूध निघते? त्यातले घरात किती राहते? वहीत लिहा.