बिडूफ, बीव्हर आणि आपल्या ओढ्यावरचा बंधारा



वर्गातल्या मुलांना एकदा सांगून बघा, ‘ओढ्याकाठी राहणारे दहा प्राणी लिहा.’ बेडूक, मासा, खेकडा, साप, बगळा इथपर्यंत गाडी येते आणि थांबते. मग सांगा, ‘दहा पोकेमॉन लिहा.’ पान पुरत नाही! यावर कपाळाला हात लावून बसण्यापेक्षा त्या दुसऱ्या यादीतला एक प्राणी उचलावा आणि त्याचं बोट धरून पहिल्या यादीकडे यावं, असं मला वाटतं. आजच्या पाठासाठी मी निवडलाय बिडूफ.

ज्या पालकांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पोकेमॉन हा 1996 साली जपानमध्ये सुरू झालेला व्हिडिओ गेम. रानावनात फिरायचं, तऱ्हेतऱ्हेचे काल्पनिक जीव पकडायचे, वाढवायचे, त्यांच्या लढती लावायच्या. आपल्याकडे तो आधी टीव्हीवरच्या हिंदी कार्टूनमधून आला आणि डिसेंबर 2016 मध्ये ‘पोकेमॉन गो’ आल्यावर मोबाईलमध्ये शिरला. बिडूफ पहिल्यांदा दिसला तो 2006 च्या ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ या गेममध्ये. तपकिरी, गुबगुबीत, पुढे मोठे दात, चेहऱ्यावर भोळा भाव. उंची अर्धा मीटर, वजन 20 किलो. गेमच्या सुरुवातीलाच गवतात जागोजागी भेटतो, म्हणून मुलं त्याला फारशी किंमत देत नाहीत. लढाईत कच्चा. पण वाटेतलं झुडूप कापायचंय, दगड फोडायचाय, की आठवण त्याचीच! घरात असा एक माणूस असतोच ना, कौतुक कुणाचंही होवो, कामाला हाक त्यालाच.

पंधराव्या लेव्हलला बिडूफचा ‘बिबारेल’ होतो. हा एक मीटर उंच, पाण्यात तरबेज. गेममध्ये प्रत्येक जीवाची माहिती देणारा एक कोश असतो, त्याला पोकेडेक्स म्हणतात. त्यातली माहिती अशी: बिडूफ दात झिजवण्यासाठी सतत लाकडं आणि दगड कुरतडतो, पाण्याजवळ घर करतो. बिबारेल झाडाची साल आणि चिखल वापरून ओढे अडवतो. आणि बिबारेलने अडवलेली नदी कधी पूर आणत नाही, म्हणून आसपासचे लोक त्याच्यावर खूश असतात. आपला पाठ या तीन-चार वाक्यांवरच उभा आहे.

गेममधली माहिती तपासून बघूया

मुलांना ही वाक्यं फळ्यावर लिहून द्या आणि विचारा, यातलं खरं किती? बिडूफ ज्याच्यावरून बेतलाय तो खरा प्राणी म्हणजे बीव्हर. तो उत्तर अमेरिकेत आणि युरोप-आशियाच्या थंड भागात राहतो. भारतात नाही. गंमत म्हणजे ज्या जपानने बिडूफ जन्माला घातला, तिथल्या रानातही आज बीव्हर नाही.

दातांची गोष्ट पक्की खरी आहे. बीव्हर हा कृंतक, म्हणजे कुरतडणारा प्राणी. उंदीर, घूस, खार, साळिंदर ही सगळी त्याचीच भावकी. यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून झिजवावेच लागतात. बीव्हरच्या दाताचा पुढचा थर लोहामुळे टणक आणि नारिंगी असतो, मागचा भाग मऊ. मऊ भाग लवकर झिजतो आणि दाताला आपोआप धार राहते. पटाशीचं टोक आठवा! कुरतडून तो झाड आडवं करतो. दगड मात्र कुरतडत नाही. बांधात रचायला वापरतो. तिथे गेमने थोडी फोडणी घातलीये.

‘लेव्हल वाढली की बिडूफ इव्हॉल्व्ह होतो’ हे वाक्य मुलं सहज बोलतात. याचा ‘उत्क्रांत होतो’ असा अर्थ डोक्यात बसला की दहावीत उत्क्रांतीचा धडा आला की गोंधळ उडतो. एका जीवाचं त्याच्याच आयुष्यात रूप बदलणं म्हणजे रूपांतरण. सुरवंटाचं फुलपाखरू होतं, शेपटीवाल्या पिल्लाचा बेडूक होतो, तसं. उत्क्रांती एका जीवात होत नाही, ती कित्येक पिढ्यांमधून सावकाश घडते. हा फरक बिडूफच्या निमित्ताने सातवी-आठवीतच स्पष्ट करून टाका. पुढच्या वर्गाच्या शिक्षकांचा अर्धा तास वाचेल.

आणखी एक गोंधळ आपल्या भाषेतला. बीव्हर इथे राहत नसल्यामुळे त्याला मराठीत स्वतःचं नाव नाही आणि मुलं चित्र बघून पटकन ‘पाणमांजर’ म्हणतात. पाणमांजर म्हणजे ऊद. तो मासे खाणारा शिकारी प्राणी. बीव्हर शुद्ध शाकाहारी, झाडाची साल, पानं, पाणवनस्पती खातो. त्यात उदमांजर हा तिसराच प्राणी, झाडावर चढणारा, रात्री फिरणारा. तिन्ही नावं शेजारी शेजारी लिहून घ्या. बीव्हरला बीव्हरच म्हणूया, काही बिघडत नाही.

तो बांध का घालतो?

मुलांचा अंदाज असतो, ‘पाणी साठवायला.’ पण बीव्हरला ना शेती ना तहान. त्याला हवं असतं खोल पाणी. त्याच्या घराचं दार पाण्याखाली असतं, म्हणजे लांडग्याला आत शिरता येत नाही. थंडीत वर बर्फ धरला तरी खाली साठवलेल्या फांद्या खाता येतात. त्यासाठी तो ओढ्यात फांद्या, दगड, चिखल रचतो. कॅनडातल्या वूड बफेलो राष्ट्रीय उद्यानातला असा एक बांध 800 मीटरच्या आसपास लांब आहे. तो 2007 मध्ये उपग्रहाच्या चित्रांवरून लक्षात आला.

आता यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. स्वीडनमधले संशोधक लार्स विल्सन यांनी बीव्हरना वाहत्या पाण्याचा आवाज ध्वनिक्षेपकावर ऐकवला. तिथे पाणी वाहत नव्हतं, तरी बीव्हरनी त्या आवाजावर फांद्या आणि चिखल रचला! म्हणजे पाणी निसटतंय असा आवाज आला की हा प्राणी कामाला लागतो. त्याचा बांध एकदा बांधून होत नाही. गळतो, फुटतो, तो पुन्हा बुजवतो. रोज.

आणि हा बांध गळकाच असतो. पाणी त्यातून झिरपतं, वरूनही जातं. तो पाणी थांबवत नाही, त्याचा वेग मोडतो. वेग मोडला की गाळ खाली बसतो, पाणी जमिनीत मुरतं, आजूबाजूला ओल टिकते. म्हणजे पोकेडेक्समधलं ‘पूर कधीच येत नाही’ हे वाक्य अर्धं खरं. अशा बांधांच्या रांगेमुळे पुराचा जोर कमी होतो, पण मोठ्या पुरात बांध वाहूनही जातात. मुलांना इथे थांबवून विचारा, ‘कधीच’ या शब्दाऐवजी कोणता शब्द हवा होता? विज्ञान आणि मराठी दोन्हीचा तास झाला.

आता आपल्या नगरकडे येऊ

आपल्या जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरात, पाण्याची तऱ्हा विचित्र आहे. अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीला धो धो पाऊस, त्याच तालुक्यात प्रवरेवरचं 1926 सालचं भंडारदरा धरण. आणि पूर्वेकडे सरकलात की पारनेर, नगर, पाथर्डी, जामखेड, सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. मोठं धरण प्रत्येक गावाच्या वाट्याला येत नाही. तिथे उपयोगी पडतो तो बीव्हरसारखाच हिशेब: लहान, जवळचा, पुष्कळ ठिकाणी केलेला अडथळा.

डोंगरउतारावर घातलेला अनघड दगडी बांध मुलांनी पाहिलेला असतो, फक्त त्याकडे ‘पाहिलेलं’ नसतं. सिमेंट नाही, चुना नाही, नुसते दगड रचलेले. पाणी त्यातून झिरपतं, माती मागे राहते. तोच बीव्हरचा गळका बांध! वनराई बंधारा तर आणखी जवळचा. पावसाळा संपता संपता ओढ्याला थोडं पाणी वाहत असतं, तेव्हा रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत वाळू-माती भरायची, तोंडं शिवायची आणि विटांसारख्या सांधेमोड करून रचायच्या. हाताशी आहे ते सामान, गावाचे हात आणि दोन-चार दिवसांचं काम.

हिवरे बाजारचं उदाहरण आपल्या सगळ्यांना माहीत आहे, पण मुलांना ते गोष्टीसारखं सांगण्याऐवजी गणितासारखं सांगा. गावाचं क्षेत्र सुमारे 976 हेक्टर. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 10 हजार लिटर पाणी होतं. मग 400 मिलिमीटर पावसाचं? हेक्टरी 40 लाख लिटर, आणि गावावर सुमारे 390 कोटी लिटर! दुष्काळी म्हणवणाऱ्या गावात इतकं पाणी पडतं, हे उत्तर मुलांनी स्वतः काढलं की त्यांचे डोळे मोठे होतात. पुढचा प्रश्न ती स्वतःच विचारतात, मग जातं कुठे? 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर गावाने डोंगरावर समतल चर, नाल्यांवर बांध अशी कामं माथ्यापासून पायथ्यापर्यंत केली. पण तेवढ्यावर ते थांबले असते तर गाव पुन्हा कोरडं झालं असतं. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही, आणि दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, हे नियम त्यांनी पाळले.

बीव्हरकडून घ्यायचं ते इथे. बंधारा बांधल्याचा फोटो निघतो. बुजवल्याचा निघत नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे वेळेवर बसवले नाहीत तर पाणी अडतच नाही आणि पावसाळ्याआधी काढले नाहीत तर काठ फुटतात. पाझर तलावात गाळ साचतो. वनराई बंधाऱ्याच्या गोण्या उन्हाने विरतात. हे काम कुणाचं, असं मुलांना विचारलं की उत्तर येतं ‘सरकारचं’. घरात आपण काय बोलतो, तेच वर्गात ऐकू येतं. पालकांनी यावर जरा विचार करावा.

एक प्रश्न हमखास येतो: ‘मॅडम, मग आपल्याकडे बीव्हर आणूया ना?’ हसण्यावारी नेऊ नका, उत्तम प्रश्न आहे. 1946 मध्ये अर्जेंटिनाने दक्षिण टोकावरच्या तिएरा देल फुएगो बेटावर कातड्याच्या धंद्यासाठी बीव्हर सोडले. तिथे त्यांची शिकार करणारा प्राणी नव्हता. ते हजारोंनी वाढले आणि तिथली जंगलंच्या जंगलं उभी वाळली, कारण तिथली झाडं बीव्हरने कुरतडल्यावर पुन्हा फुटत नाहीत. आपल्याकडची वेडी बाभूळ आणि गाजर गवत दाखवा, मुद्दा लगेच पोहोचतो. शिवाय फेब्रुवारीत आटणाऱ्या ओढ्यात बीव्हर राहणार कुठे?

करायला काय द्याल?

प्रत्यक्ष बंधारा बघायला न्या, पण घोट्याएवढ्याच पाण्यात. प्लास्टिक घातलेल्या शेततळ्याजवळ तर मुळीच नको. त्याच्या निसरड्या कडेवरून पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. बंधाऱ्याशेजारच्या एखाद्या विहिरीची पाणीपातळी शेतमालकालाच दोर सोडून मोजायला सांगा आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी दर पंधरा दिवसांनी मुलांनी आकडा वहीत लिहावा. तितक्याच अंतरावरची पण बंधाऱ्यापासून लांबची दुसरी विहीर मिळाली तर दोन्हींचा आलेख एकाच कागदावर काढा.

मग मुलांना आपल्या ओढ्याचा पोकेडेक्स करायला द्या. एका प्राण्याला एक कार्ड: नाव, आकार, खाणं, घर, आणि एक वाक्य असं की जे स्वतः पाहिलंय. ‘कधीच’ आणि ‘नेहमी’ हे शब्द वापरायचे असतील तर पुरावा द्यायचा. सुरुवात घुशीपासून करा. दात बिडूफसारखेच, पण काम नेमकं उलटं, ही मातीचा बांध आतून पोखरते. तिचं बीळ बांधाच्या कोणत्या बाजूला आणि पाण्यापासून किती वर सापडतं, हे मुलांना पावसाळ्याच्या आधी शोधून कार्डावर लिहू द्या, आणि ते कार्ड ग्रामपंचायतीत नेऊन दाखवा.