छोट्या धंद्याचं म्हणणं कसं मांडायचं? इंटरनेटच्या पत्त्यांवरून एक धडा



वस्तू कमी आणि मागणारे जास्त असले की वाटपाचा नियम कोण ठरवतं? आज एक खरं उदाहरण बघू.

इंटरनेटवर आयपी पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही4 चे, एकूण पत्ते सुमारे 430 कोटी. आशिया-पॅसिफिक भागातलं वाटप 'एपनिक' ही संस्था बघते. एप्रिल 2011 मध्ये तिचा शेवटचा साठा सुरू झाला, तेव्हा त्यातून एका सभासदाला जास्तीत जास्त 1024 पत्ते मिळायचे. फेब्रुवारी 2019 पासून ते 512 झाले.

आता समजा, बदलापुरातला एखादा नवा केबलवाला 2000 घरांना नेट देतो. 512 पत्ते पुरणार कसे? मग एकाच पत्त्यावर अनेक ग्राहक बसवावे लागतात. दुकानाचा सीसीटीव्ही घरून बघायला अडचण येते, त्याचं एक कारण हेही असतं. आधी आलेल्या मोठ्या कंपन्यांकडे मात्र जुने भरपूर पत्ते आहेत.

म्हणजे छोट्यांवर अन्याय झाला? थांबा. उद्या येणाऱ्या नवख्यालाही काही उरावं, म्हणून मर्यादा कमी केली. मुद्दा दोन्ही बाजूंना आहे. म्हणूनच चर्चा कशी होते, हे महत्त्वाचं.

एपनिकच्या कार्यकारी मंडळाच्या निवडणुकीत मोठ्या सभासदाला जास्त मतं असतात. पण पत्त्यांचे नियम सहमतीने ठरतात. सभासद नसलेलाही बोलू शकतो. पण "तुमचे ग्राहक किती हो?" असं कुणी हिणवलं, तर छोटा माणूस गप्प बसतो आणि त्याची अडचण नियमात येतच नाही. नुकसान सगळ्यांचंच.

यातून आपण काय घ्यायचं?

1. आकडा घेऊन बोला. "आमच्यावर अन्याय होतो" यापेक्षा "2000 ग्राहक, 512 पत्ते" हे जास्त पटतं.
2. मुद्द्यावर बोला, माणसावर नाही. "मोठे सगळे चोर" म्हटलं की आपलाच मुद्दा बुडतो.
3. समोरच्याचं कारण आधी सांगा, मग आपला पर्याय द्या.
4. उद्या तुम्ही मोठे झालात, तर छोट्याला आधी बोलू द्या.

हेच उल्हासनगरच्या व्यापारी संघटनेत, अंबरनाथच्या नगरपालिकेत चालतं. दूरसंचार नियामक 'ट्राय'ही नियम करण्याआधी मतं मागवते, तिथे कुणीही लिहू शकतं.

गृहपाठ: तुमच्या धंद्याला अडवणारा एक नियम निवडा. तीन ओळी लिहा: अडचण, आकडा, पर्याय. शिवी एकही नको!

भेटूया पुढच्या व्हिडिओत.