टिश्यू कल्चर सागाला सोटमूळ नसतं?

प्रश्न : बांधावर टिश्यू कल्चर साग लावायचा आहे. त्याला सोटमूळ नसतं, झाड वादळात पडतं, असं गावात म्हणतात. खरं का?
– एक शेतकरी, ता. जिंतूर, जि. परभणी

उत्तर : निम्मंच खरं आहे, घाबरू नका. बियाण्यातून येणारं सोटमूळ या रोपाला नसतं. आयबीए या संजीवकामुळे प्रयोगशाळेत वाढवलेल्या फुटव्याच्या बुडाशी नवी मुळं फुटतात. जमीन खोल असेल तर त्यातलीच काही सरळ खाली उतरतात. हे तंत्र नवंही नाही; पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं १९८० च्या सुमारासच अशी रोपं तयार केली होती.

झाड पडण्याचा खरा धोका पिशवीत गुंडाळलेल्या मुळांचा. घेताना एक पिशवी फाडून बघाच. तळाशी वेटोळं दिसलं तर रोपं परत करा. हार्डनिंग झालेली, म्हणजे बाहेरच्या हवेला सरावलेलीच रोपं घ्या, पाऊस चांगला झाल्यावर लावा. खर्च जास्त वाटला तर सागाचे स्टंपही (छाटलेल्या रोपाचे खोड-मुळाचे तुकडे) चालतात. मात्र पाणी साचणाऱ्या काळ्या रानात साग लावू नका.