स्थानाची निगा हेही स्मरणाचे अंग

महानुभाव आचारमार्गात स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक या चारांविषयी आदर सांगितला आहे. त्यांपैकी स्थान म्हणजे केवळ देवळाची इमारत नव्हे. श्रीचक्रधर स्वामी, श्रीगोविंदप्रभू आदी अवतार जेथे बसले, जेथे त्यांची आरोगणा झाली, जेथे त्यांनी निद्रा केली, ती भूमी त्यांच्या संबंधाने वंदनीय झाली. संबंध भूमीशी आहे. ओटा, मंदिर आणि कळस या त्या संबंधाच्या खुणा होत. हा भेद विसरला, तर जीर्णोद्धार करतानाच स्थानाची हानी होते.

पूर्वाचार्यांनी हा धोका ओळखला होता. चौदाव्या शतकात सिद्ध झालेल्या ‘स्थानपोथी’त गावोगावची स्थाने नोंदली आहेत. देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, चौक कोठे, दार कोठे आणि त्यांपासून स्थान कोणत्या बाजूस, असा तिचा क्रम आहे. तीत वर्णिलेली कित्येक देवळे काळाच्या ओघात नाहीशी झाली, तरी पोथीच्या आधारे साधकाला स्थानाचा मागोवा घेता येतो. वास्तू पडली, नोंद उरली. डॉ. वि. भि. कोलते यांनी ही पोथी संपादित केल्यानंतर यादवकालीन गावे व देवळे अभ्यासणाऱ्यांनाही तिचा लाभ झाला.

येथे एक शंका उद्भवते. पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींत राखले. मग स्थानांची माहिती सर्वांपुढे का ठेवावी? उत्तर असे की, लिपीचे आवरण ग्रंथांसाठी होते, स्थाने मात्र प्रथमपासून उघडी आहेत. स्वामींचे वास्तव्य पुष्कळदा गावच्या देवळांतून घडले. वेरूळच्या लेण्यांतही त्यांचा मुक्काम झाला. तेथे अन्य उपासक येतच होते आणि आजही येतात. शिवाय विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली, तेव्हा पंथाची हानी झाली नाही. मराठी गद्याचा आद्य ठेवा महाराष्ट्राला कळला. रिद्धपूर येथे आज मराठी भाषा विद्यापीठ उभे आहे, ते याच ओळखीचे फळ होय.

यावरून स्थानाच्या सेवेकऱ्यांनी काही नियम मनाशी धरावेत. पहिला, आधी नोंद, मग बांधकाम. जुना ओटा हलविण्यापूर्वी त्याची मापे, दिशा आणि छायाचित्रे घ्यावीत. संगमरवरी फरशीखाली मूळ पाषाण झाकला गेला, तर पुढील पिढीने वंदन कशाला करावे? दुसरा, कागदपत्रे नीट असावीत. सन 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली न्यासाची नोंदणी व्हावी आणि सातबारा अथवा मिळकतपत्रिका वेळोवेळी पाहावी. तिसरा, स्थान केंद्र शासनाने संरक्षित केलेल्या स्मारकाच्या आवारात असेल, तर स्वेच्छेने काही बांधू नये. सन 2010 च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवीन बांधकामास मनाई असून त्यापुढील 200 मीटरांत परवानगी लागते. चौथा, येणाऱ्या प्रत्येकास, तो उपदेशी असो वा नसो, स्थानाची लीळा दोन शब्दांत सांगावी. ज्या गावाला स्थान आपले वाटते, ते गावच त्याची राखण करते.

काशीगावसारख्या मुंबईलगतच्या वस्तीत राहणाऱ्या उपदेशी माणसाला स्थानयात्रा वर्षातून एखादे वेळीच घडते. त्यानेही ही सेवा दूरची मानू नये. घरातील वृद्धांना आठवणारी स्थानांची जुनी रूपे लिहून घ्यावीत, पेटीतील जुनी छायाचित्रे त्या स्थानाच्या महंतांकडे पोचवावीत आणि देणगी देताना नव्या कळसाआधी जुन्या ओट्याची विचारपूस करावी.

स्थानाला नमस्कार करणे हे स्मरण आहे. ते पुढच्या नमस्कारासाठी जसेच्या तसे राखणे हेही स्मरणच होय.

दंडवत प्रणाम.